ड्रोनचं फुटेज संगणकावर अडखळतं? सॉफ्टवेअर बदलण्याआधी फाइल ओळखा

हातात मावणारे ड्रोन आता ४के चित्रण करतात, त्यातले बरेचसे १० बिट रंगात. उडवताना मोबाइलच्या पडद्यावर सगळं सुरेख दिसतं. मग मेमरी कार्ड संगणकाला जोडलं जातं, क्लिप एडिटिंगसाठी टाइमलाइनवर येते आणि गाडी अडते. चित्र दोन सेकंद चालतं, थांबतं, एकदम पुढे उडी मारतं. रंग धुरकट दिसतात. आकाशात पट्टे उमटतात. अशा वेळी बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: ड्रोनसाठी कोणतं सॉफ्टवेअर चांगलं? उत्तर म्हणून नावांची यादी मिळते आणि जो तो आपल्या वापरातलं नाव पुढे करतो. त्यातलं एक उतरवून घेतलं तरी क्लिप तशीच अडखळते. मग दुसरं, मग तिसरं.

दोष त्या नावांचा नसतो. तुमचा ड्रोन कार्डावर नेमकी कोणत्या प्रकारची फाइल लिहितो आणि तुमच्या संगणकाला ती झटपट उलगडता येते का, हे आधी कळायला हवं. ते कळलं की निम्मी यादी आपोआप गळून पडते आणि उरलेल्यांतून निवड करणं बरंच सोपं होतं.

इतकी छोटी फाइल, मग संगणक का दमतो?

४के म्हणजे ३८४० गुणिले २१६० पिक्सेल, म्हणजे एका फ्रेममध्ये जवळपास ८३ लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी तीन बाइट धरले तर एक फ्रेम सुमारे २५ मेगाबाइटची होते. सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे जवळजवळ ७५० मेगाबाइट, आणि तेही दर सेकंदाला. कोणतंही साधं मेमरी कार्ड या वेगाने लिहू शकत नाही. म्हणून ड्रोन चित्र दाबून लिहितो. सेकंदाला १०० मेगाबिट हा आकडा छोट्या ड्रोनमध्ये नेहमी दिसतो, म्हणजे साडेबारा मेगाबाइट. ढोबळ मानाने साठपट दाबलेलं चित्र.

दाबण्याच्या आणि परत उलगडण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. ड्रोनमध्ये दोन कोडेक प्रामुख्याने भेटतात: २००३ साली आलेला एच.२६४ आणि २०१३ साली आलेला एच.२६५. या दुसऱ्यालाच एचईव्हीसी असंही म्हणतात. तेवढ्याच दर्जाचं चित्र एच.२६५ साधारण निम्म्या जागेत बसवतो. ती जागा वाचवण्यासाठी त्याची आकडेमोड मात्र जास्त गुंतागुंतीची असते, आणि तिचा भार उलगडणाऱ्या यंत्रावर पडतो.

दोन्ही कोडेक सगळ्या फ्रेम पूर्ण लिहीत नाहीत. हिशेबाच्या वहीसारखं समजा. पहिल्या पानावर पूर्ण शिल्लक लिहिलेली असते, पुढच्या पानांवर फक्त त्या त्या दिवसाची जमा आणि खर्च. वही सुरुवातीपासून वाचत गेलात तर शिल्लक सहज कळत जाते. पण कोणी एकदम वीस तारखेची शिल्लक विचारली, तर आधीची पूर्ण शिल्लक शोधून तिथपासून बेरीज-वजाबाकी करत यावं लागतं. व्हिडिओतही मधूनमधून एक पूर्ण फ्रेम असते आणि तिच्या आसपासच्या फ्रेममध्ये फक्त बदल नोंदलेले असतात.

मोबाइलवर क्लिप सुरळीत चालते, कारण तिथे ती सरळ पुढे पुढे वाचली जाते. एडिटिंगमध्ये तुम्ही मध्येच उडी मारता, एक फ्रेम मागे जाता, उलटं चालवता, एकावर एक दोन क्लिप ठेवता. प्रत्येक वेळी संगणकाला मागे जाऊन पुन्हा बेरीज करावी लागते. म्हणूनच, ‘क्लिप मोबाइलवर चालते, म्हणजे बिघाड सॉफ्टवेअरमध्येच आहे’ हा तर्क टिकत नाही.

यातून सुटका करणारी एक गोष्ट संगणकातच असू शकते. बऱ्याच प्रोसेसरमध्ये आणि ग्राफिक्स कार्डमध्ये फक्त व्हिडिओ उलगडण्यासाठी वेगळा भाग असतो. इंटेलच्या सातव्या पिढीपासूनच्या ज्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स अंगभूत आहे ते, एन्व्हिडियाची जीटीएक्स १० मालिकेपासूनची कार्डं आणि ॲपलच्या एम मालिकेच्या चिप १० बिट एच.२६५ अशा रीतीने उलगडू शकतात. हा भाग नसेल किंवा सॉफ्टवेअर तो वापरत नसेल, तर सगळा भार मुख्य प्रोसेसरवर येतो आणि चित्र तुटक चालू लागतं.

आधी फाइलची ओळख करून घ्या

मीडियाइन्फो हे छोटं, मोफत सॉफ्टवेअर यासाठी पुरेसं आहे. व्हीएलसी प्लेयरमध्येही कोडेकची माहिती दाखवणारी खिडकी असते. क्लिप उघडा आणि चार गोष्टी लिहून ठेवा: कोडेक कोणता, बिट खोली ८ की १०, फ्रेम दर किती आणि बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट.

चौथ्या आकड्यावरून साठवणुकीचा अंदाजही येतो. सेकंदाला १०० मेगाबिट म्हणजे मिनिटाला ७५० मेगाबाइट. वीस मिनिटांचं उड्डाण पूर्ण चित्रित केलं तर १५ गिगाबाइट. हे फुटेज थेट मेमरी कार्डावरून किंवा हळू चालणाऱ्या जुन्या पोर्टेबल डिस्कवरून एडिट करायला घेतलं, तर अडखळण्याचं आणखी एक कारण तुम्ही स्वतःहून जोडता. आधी ते संगणकातल्या एसएसडीवर, म्हणजे वेगवान डिस्कवर, उतरवून घ्या.

संगणक जुना आहे, मग नवा घ्यायचा का?

घाई नको. ड्रोनच्या फुटेजसाठी सॉफ्टवेअरमध्ये एकच सोय बघायची असेल तर मी प्रॉक्सी बघेन. प्रॉक्सी म्हणजे मूळ क्लिपची हलकी प्रत. तिच्यात चित्राचा आकार लहान असतो आणि ती सहसा ॲपलच्या प्रोरेस किंवा ॲव्हिडच्या डीएनएक्सएचआर यांसारख्या कोडेकमध्ये केली जाते. या कोडेकमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण असते, म्हणजे वहीच्या प्रत्येक पानावर पूर्ण शिल्लक लिहिलेली. तुम्ही कापाकापी या हलक्या प्रतीवर करता आणि शेवटी एक्स्पोर्ट करताना सॉफ्टवेअर मूळ ४के फाइलकडे जातं.

इथे नेहमी एक शंका येते: मग दर्जा कमी होणार नाही का? नाही होत, कारण अंतिम व्हिडिओ मूळ फाइलवरूनच तयार होतो. फक्त एक्स्पोर्टच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सी वापरण्याचा पर्याय चुकून सुरू राहिलेला नाही ना, हे पाहायचं. आणि रंगांचा अंतिम निर्णय मूळ चित्र पाहूनच घ्यायचा, प्रॉक्सीवर नाही. प्रॉक्सी तयार व्हायला सुरुवातीला वेळ लागतो आणि डिस्कवर जागाही जाते. ते काम जेवायला जाताना लावून द्यावं.

दाविंची रिझॉल्व्ह, ॲडोबी प्रीमियर प्रो, फायनल कट प्रो, केडेनलाइव्ह आणि शॉटकट या सगळ्यांत प्रॉक्सीची सोय आहे. एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये ती नसेल आणि तुमचं यंत्र साधं असेल, तर बाकी कितीही आकर्षक सोयी असल्या तरी ते सॉफ्टवेअर बाजूला ठेवा.

डीजेआय या ड्रोन बनवणाऱ्या कंपनीचे अनेक ड्रोन कार्डावर मूळ क्लिपशेजारी त्याच नावाची, पण एलआरएफ असं शेपूट असलेली छोटी फाइलही ठेवतात. ती त्याच दृश्याची कमी आकाराची प्रत असते. शेपूट बदलून एमपी४ केलं की ती साध्या प्लेयरमध्येही चालते. शेकडो क्लिपांतून कामाच्या निवडायच्या असतील तेव्हा या फाइल फार उपयोगी पडतात.

फुटेज असं धुरकट का दिसतं?

आता रंगांकडे. माझ्या मते सॉफ्टवेअर निवडताना खरा फरक इथेच पडतो.

ड्रोनच्या फ्रेममध्ये बहुतेक वेळा वरच्या अर्ध्या भागात लख्ख आकाश असतं आणि खालच्या अर्ध्यात सावलीतली जमीन. दोन्हींच्या उजेडात प्रचंड तफावत. नेहमीच्या मोडमध्ये कॅमेरा जागेवरच निर्णय घेतो आणि कडेचा तपशील फेकून देतो: ढग पांढरेफटक होतात किंवा झाडं काळी पडतात. हे टाळण्यासाठी लॉग नावाची पद्धत असते. तिच्यात उजेड आणि सावली दोन्ही मधल्या पट्ट्यात दाबून नोंदवली जातात, म्हणजे नंतर एडिट करताना हवं ते बाहेर काढता येतं. डीजेआयच्या ड्रोनमध्ये डी-लॉग आणि डी-लॉग एम हे तिचे प्रकार आहेत. चित्र धुरकट दिसतं ते या दाबण्यामुळे. ते अपूर्ण चित्र आहे, बिघडलेलं नाही.

याच्याशी बिट खोली जोडलेली आहे. ८ बिटमध्ये लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १० बिटमध्ये १०२४. क्षितिजापासून वरपर्यंत हळूहळू गडद होत जाणारं निळं आकाश या पायऱ्यांपैकी थोड्याच वापरतं. लॉगमध्ये त्या आणखी जवळ दाबल्या जातात. मग एडिट करताना तुम्ही चित्र ताणता तेव्हा ८ बिटमधल्या मोजक्या पायऱ्या एकमेकींपासून दूर सरकतात आणि आकाशात पट्टे दिसू लागतात. १० बिटमध्ये ताणायला चौपट वाव असतो. म्हणून लॉग वापरायचा असेल तर १० बिटमध्येच वापरावा.

मग सॉफ्टवेअरकडून काय हवं? पहिलं म्हणजे त्याने १० बिट फाइल १० बिट म्हणूनच हाताळायला हवी. काही हलकी सॉफ्टवेअर आणि मोबाइल ॲप ती उघडतात खरी, पण आतलं काम ८ बिटमध्ये करतात. दुसरं म्हणजे लट लावण्याची सोय. लट म्हणजे रंगांचं रूपांतर करणारा तयार तक्ता: मूळ रंग हा असेल तर त्याच्या जागी तो दाखव. डी-लॉग एमसाठी डीजेआय स्वतःचा अधिकृत लट मोफत देते. डी-लॉगचा लट डी-लॉग एमवर लावला तर रंग भडक आणि विचित्र होतात, आणि मग अकारण सॉफ्टवेअरला बोल लावला जातो. तिसरी गरज वेव्हफॉर्मची, म्हणजे फ्रेममधला उजेड कुठे किती आहे हे दाखवणाऱ्या आलेखाची. संगणकाचा पडदा किती उजळ ठेवलाय आणि खोलीत किती प्रकाश आहे यावर डोळा फसतो. आलेख फसत नाही.

‘मला हे रंगकाम करायचंच नाही, कौटुंबिक सहलीचा व्हिडिओ करायचाय,’ असं कोणी म्हणेल. अगदी योग्य आहे. तसं असेल तर ड्रोनमध्ये नॉर्मल रंग निवडा, लॉगच्या वाटेला जाऊच नका. चांगल्या उजेडात नॉर्मल मोडचं चित्र छान येतं आणि जवळजवळ कोणतंही सॉफ्टवेअर पुरतं. लॉगमध्ये चित्रण करायचं आणि मग एक तयार फिल्टर टाकून मोकळं व्हायचं, हा मार्ग मला सगळ्यांत वाईट वाटतो. कष्ट लॉगचे, फळ नॉर्मलपेक्षाही कमी.

एक गोष्ट मात्र कोणत्याच सॉफ्टवेअरच्या हातात नाही. ढग चित्रणाच्या वेळीच पूर्ण पांढरे झाले असतील, तर तिथला तपशील फाइलमध्ये नोंदलाच गेलेला नाही. तो कुठूनही परत येत नाही.

आता नावांकडे

दाविंची रिझॉल्व्ह मुळात रंगकामासाठी जन्मलेलं सॉफ्टवेअर आहे. दाविंची सिस्टम्स ही कंपनी २००९ साली ब्लॅकमॅजिक डिझाइनने घेतली आणि पुढे त्यात एडिटिंग, ध्वनी, इफेक्ट असं सगळं आलं. त्याची मोफत आवृत्ती ३८४० गुणिले २१६० आकारात, सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत एक्स्पोर्ट देते आणि व्हिडिओवर शिक्का उमटवत नाही. संध्याकाळच्या चित्रणातला रवाळपणा, म्हणजे दाणेदार ठिपके, घालवण्याची प्रगत सोय आणि लेन्सच्या वाकडेपणाची दुरुस्ती मात्र स्टुडिओ या विकतच्या आवृत्तीत आहे. लॉगवर मनापासून काम करायचं असेल तर मी आधी याचंच नाव घेईन. त्याला ग्राफिक्स कार्ड बऱ्यापैकी लागतं आणि १६ जीबी रॅमच्या खाली ते रडतखडत चालतं. मोफत आवृत्तीत कोडेकची सोयही ऑपरेटिंग सिस्टीमप्रमाणे बदलते. लिनक्सवर तर मोफत आवृत्तीला एच.२६४ आणि एच.२६५ फाइल थेट उघडता न येणं ही जुनी अडचण आहे, तेव्हा तिथे आधी रूपांतर करून घ्यावं लागतं.

फायनल कट प्रो फक्त ॲपलच्या यंत्रांवर चालतं आणि तिथे ते वेगवान आहे. हातात आधीच एम मालिकेचा मॅक असेल तर जरूर वापरून पाहा. प्रीमियर प्रो वर्गणी भरून घ्यावं लागतं. ज्यांना रोज इतरांबरोबर फाइलची देवाणघेवाण करावी लागते किंवा जे आफ्टर इफेक्ट्स हे ॲडोबीचंच इफेक्टचं सॉफ्टवेअर वापरतात, त्यांना त्याची वर्गणी परवडते. वर्षातून चार वेळा ड्रोन उडवणाऱ्याला ती का भरावी, हे मला पटत नाही.

केडेनलाइव्ह आणि शॉटकट ही दोन्ही मुक्तस्रोत आणि मोफत आहेत. साध्या लॅपटॉपवर, प्रॉक्सी लावून, नॉर्मल रंगातलं फुटेज कापायला ती उत्तम. रंगकामात ती रिझॉल्व्हच्या जवळ पोहोचत नाहीत, पण प्रत्येकाला ते हवंच असतं असं नाही.

मोबाइलवर काम होत असेल तर संगणक कशाला, हाही प्रश्न रास्त आहे. लाइटकट, कॅपकट यांसारखी ॲप दृश्यं निवडून, संगीताच्या ठेक्यावर कापून मिनिटभराचा व्हिडिओ तयार करून देतात, आणि दुसऱ्याच दिवशी विसरला जाणारा व्हिडिओ असेल तर तेवढं पुरेही. पण ड्रोनच्या दृश्याला डोळ्यांत उतरायला वेळ लागतो. दरीवरून हळूहळू सरकणारा शॉट ठेक्यासाठी दीड सेकंदात कापला की त्यातला अवकाशच हरवतो, आणि आपोआप कापणाऱ्या ॲपला हे कळत नाही.

नाव कोणतंही असो, पैसे देण्याआधी स्वतःच्या ड्रोनची, तुम्ही नेहमी वापरता त्याच सेटिंगमधली क्लिप चाचणी आवृत्तीत टाकून पाहा. उलटी चालवा, लट लावा, वर नाव टाका, एक्स्पोर्ट करा. इतरांनी केलेल्या परीक्षणांपेक्षा या अर्ध्या तासात जास्त कळतं.

धक्के आणि थरथर सॉफ्टवेअर घालवेल का?

थरथर कुठून आली त्यावर ते अवलंबून आहे. नेहमीच्या कॅमेरा ड्रोनमध्ये तीन अक्षांचा गिंबल असतो, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारी मोटरची रचना. त्याचं फुटेज आधीच स्थिर असतं. त्यावर सॉफ्टवेअरचं स्टॅबिलायझेशन लावलं तर कडा कापल्या जातात आणि कधी कधी जमीन जेलीसारखी हलताना दिसते. बंदच ठेवा.

एफपीव्ही ड्रोनचं तसं नाही. चष्मा लावून उडवायच्या या ड्रोनमध्ये कॅमेरा सहसा ड्रोनबरोबरच कलंडतो. त्यांच्यासाठी जायरोफ्लो हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. ते चित्रावरून हालचालीचा अंदाज बांधत बसत नाही. कॅमेऱ्यातल्या जायरो सेन्सरने नोंदलेली खरी हालचाल वाचून चित्र स्थिर करतं. रिझॉल्व्ह, प्रीमियर आणि फायनल कटमध्ये त्याचं प्लगइन बसतं. त्यासाठी उडवताना ड्रोनमधलं स्वतःचं स्टॅबिलायझेशन बंद ठेवावं लागतं आणि शटर वेगवान हवं, कारण फ्रेममध्येच आलेला पुसटपणा नंतर स्थिर होत नाही.

ड्रोन वळवताना चित्र ठेचकाळत जाणं हा तिसराच प्रकार आहे. भर उन्हात शटर फार वेगवान होतं, प्रत्येक फ्रेम कोरीव येते आणि हालचाल तुटक भासते. त्यावर उपाय चित्रणाच्या वेळीच करायचा: लेन्ससमोर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काच, लावून शटर फ्रेम दराच्या दुपटीच्या आसपास आणायचं. ३० फ्रेमला १/६० सेकंद, २५ फ्रेमला १/५० सेकंद.

फ्रेम दर आधी ठरवा

सेकंदाला ६० फ्रेमची क्लिप ३० फ्रेमच्या टाइमलाइनवर बरोबर निम्म्या वेगाने गुळगुळीत चालते. २४ फ्रेमच्या टाइमलाइनवर ती ४० टक्के वेगाने चालवावी लागते. रिझॉल्व्हमध्ये प्रकल्पात क्लिप आल्यावर त्याचा मुख्य फ्रेम दर बदलता येत नाही, म्हणून हा निर्णय पहिली क्लिप आत घेण्याआधीच करायचा.

आणि शेवटी एक्स्पोर्ट

बहुतेक कॅमेरा ड्रोन आवाज रेकॉर्डच करत नाहीत, आणि केला तरी पंख्यांची घरघर ऐकू येईल. तेव्हा टाइमलाइनवर ध्वनीचे दोन-तीन थर ठेवता येतील असं सॉफ्टवेअर हवं. संगीताखाली वाऱ्याचा किंवा पाण्याचा मंद आवाज टाकला की आकाशातून दिसणारं दृश्य जमिनीला जोडलं जातं. संगीत परवानगीचं वापरा, नाहीतर यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा ते ओळखते.

यूट्यूबच्या शिफारशीनुसार २४ ते ३० फ्रेमच्या साध्या ४के व्हिडिओला सेकंदाला ३५ ते ४५ मेगाबिट आणि ४८ ते ६० फ्रेमच्या व्हिडिओला ५३ ते ६८ मेगाबिट हवेत. समुद्राच्या लाटा, दाट जंगल, वाऱ्यावर हलणारं शेत अशा दृश्यांत प्रत्येक फ्रेममध्ये सगळंच बदलत असतं. तिथे वरचा आकडा धरा, नाहीतर पानांचा लगदा होतो. आकाशात एक्स्पोर्टनंतरही पट्टे दिसले तर सॉफ्टवेअरमधून चित्रात अगदी हलका रवा, म्हणजे ग्रेन, मिसळून पाहा. पायऱ्यांच्या कडा त्यात विरून जातात.

उभा व्हिडिओ हवा असेल तर ड्रोन पुन्हा उडवायची गरज नाही. ४के फ्रेमच्या पूर्ण उंचीतून ९:१६ या प्रमाणात उभा तुकडा कापला तर तो १२१५ गुणिले २१६० पिक्सेलचा मिळतो, म्हणजे मोबाइलसाठी लागणाऱ्या १०८० गुणिले १९२० पेक्षा थोडा मोठाच. फक्त तो तुकडा दृश्याबरोबर डावीकडे-उजवीकडे सरकवता यायला हवा. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये कीफ्रेम, म्हणजे वेळेनुसार जागा बदलण्याच्या खुणा, आहेत का ते पाहून घ्या.